समेटाआधीचे मानपत्र

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी देवरावजींचा अकोल्याहून फोन. “मोरोपंत, तुमाले चांगलं मराठी लिहिता येते ना?” चौतीस वर्षे हायस्कुलात मराठी शिकवलेल्या आणि अमरावतीतल्या निम्म्या सत्कारांची मानपत्रे लिहिलेल्या माणसाला हा प्रश्न! मी म्हटले, “प्रयत्न करतो.” टोमणा त्यांना लागला नाही. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला टोमणे लागत नाहीत.

दर्यापूरला एका गल्लीत राहायचो तेव्हापासूनची ओळख. माझे नाव मोरेश्वर. मोरोपंत केले ते पोरांनी, पक्के केले ते ह्यांनी.

काम असे. आसरखेड हे गाव नदीच्या वरच्या अंगाला, आपल्या जिल्ह्यात. चिंचोद खालच्या अंगाला, अकोला जिल्ह्यात. मध्ये बंधारा. पाऊस संपला की आसरखेडवाले बंधाऱ्याची लोखंडी दारे टाकतात आणि खाली चिंचोदचा हरभरा वाळतो. दोन वर्षांपूर्वी बंधाऱ्यावरच काठ्या चालल्या. एकाचा हात मोडला, दोन्हीकडच्या पोरांवर केसेस झाल्या. तेव्हापासून ह्या गावचा माणूस त्या गावात चहासुद्धा पीत नाही. तोडगे दोनदा निघाले. दोन्ही वेळा स्टेजवरून जाहीर झाले, टाळ्या पडल्या, आणि आठ दिवसांत भांडण पहिल्यापेक्षा वाढले. आता देवरावजी गुपचूप समेट घडवू पाहताहेत.

मी फक्त लिहून घ्यायचे. अटी तीन. कागद एकच, त्यावर गावाचे किंवा माणसाचे नाव नाही, आणि बाहेर चकार शब्द काढायचा नाही. मी विचारले, “ताराला सांगू?”

“वहिनीले सांगा. त्या कोणाले सांगत नाईत. मले तुमचीच काळजी हाये.”

ह्या शेवटच्या वाक्याचा नीट अर्थ लागला नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

अकोला. बैठक कुठे, तर जठारपेठेत, देवरावजींची मुलगी दीक्षा दातांची डॉक्टर आहे तिच्या दवाखान्यात! चिंचोदचे सरपंच किसनराव गाल धरून आले. थोड्या वेळाने आसरखेडच्या सरपंच दुर्गाबाई पदराने गाल झाकून आल्या. बाहेर बाकावर आठ-दहा माणसे बसली होती, कोणालाही काही वाटले नाही. मीही गाल धरला. मला कोणी धरायला सांगितले नव्हते, पण बरे दिसले.

आत मात्र दोघे दोन टोकांना. चिंचोदला दर दहा दिवसांतून पाच दिवस पाणी हवे. दुर्गाबाई म्हणतात, दोन देते. कागदावर मी ‘वरचा पक्ष’, ‘खालचा पक्ष’ असे लिहिले. देवरावजी खूश झाले.

निघताना किसनरावांनी एकदम विचारले, “पोरगी जेवते का?”

तेव्हा मला उलगडा झाला. किसनरावांची दामिनी दुर्गाबाईंच्या घरची सून आहे! लग्न भांडणाच्या आदल्या वर्षीचे. तिला सातवा लागला आहे आणि दोन वर्षांत तिला माहेरी पाऊल टाकता आलेले नाही.

“जेवते,” दुर्गाबाई म्हणाल्या. “पण कैरी मागते. आता ह्या दिवसांत कैरी कुठून आणू मी?”

किसनराव भिंतीवरच्या दाताच्या चित्राकडे बघत राहिले. एवढा धिप्पाड माणूस, डोळे भरून आले. मलाही भरून आले. पहिले बाळंतपण माहेरी होते ही आपल्याकडची रीत, आणि इथे माहेर साडेतीन किलोमीटरवर.

जाता जाता दीक्षाने किसनरावांची दाढ तपासली, तर खरोखरच किडलेली निघाली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

जमले! किसनराव तीन दिवसांवर आले. दुर्गाबाई दोनावरून तिनावर. केसेस दोन्हीकडून मागे. आणि दिवाळीनंतर दामिनी चिंचोदला.

मी म्हटले, चला, उद्याच पत्रकारांना बोलावू. माझ्या ओळखीचे दोघे आहेत. देवरावजी माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी दवाखान्यात बिडी पेटवली.

“मोरोपंत, आदी बाई तीन दिवस दारं उघडन, आपल्या मनानं. मग चिंचोदवाले कुरकुर करतीन. मग हळूच हो म्हणतीन. मांगतलं कोणं, देल्लं कोणं, हे कोणाले समजलंच नाई पायजे.”

“पण चांगली गोष्ट लपवायची कशाला?”

उत्तर किसनरावांनी दिले. “सर, माह्या गावानं मले पाच दिवस घ्याले धाडलं. मी तिनावर आलो. तीन पुरतेत, मले मालूम हाये, हरभऱ्याले तीन पुरतेत. पण माहं नाव निंघालं तं लोकं म्हणतीन, यानं पोरीपायी पाणी इकलं. मंग मले तीनही घेता येनार नाई अन् पोरगीही आनता येनार नाई.”

मला हे पटले नाही. मोठ्या मनाने घेतलेली माघार लोकांना आवडते, असे मी वर्गात नेहमी शिकवीत आलो आहे. पण गप्प बसलो.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. ताराने ओवाळले. मनात मात्र एकच विचार, ह्या कामाची कोणी दखल घेणार की नाही? देवरावजींना कोणी शालही द्यायचे नाही. मग बसलोच लिहायला. पुढे केव्हातरी, सगळे सुरळीत झाल्यावर, सत्कार होईलच. तेव्हा धावपळ नको. मानपत्र तयार असले की अर्धा कार्यक्रम झाल्यासारखा असतो, हा माझा अनुभव.

फार छान उतरले आहे. एवढा भाग इथे लिहून ठेवतो:

‘आपल्याच मध्यस्थीने चिंचोदचे कन्यावत्सल सरपंच श्री. किसनराव यांनी पाच दिवसांचा आग्रह सोडून तीन दिवसांचे पाणी गोड मानून घेतले, आणि दोन गावांमधला दुरावा एका लेकीच्या पाऊलवाटेने मिटला.’

‘कन्यावत्सल’! हा शब्द सुचल्यावर मी उठून येरझाऱ्या घातल्या. ताराला वाचून दाखवले. ती करंज्या डब्यात भरत होती. म्हणाली, “बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.” साहित्याची जाण सगळ्यांना असतेच असे नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

राजकमल चौकाकडे जाऊन देवमनला मानपत्र दिले. फ्लेक्सच्या ह्या दिवसांतही हाताने अक्षरे काढणारा हा एकच पेंटर शहरात उरला आहे. फ्रेमही तोच करतो.

देवरावजींची अट मी विसरलेलो नाही. बाहेर चकार शब्द नाही. पण देवमनला मी काही सांगितलेले नाही. त्याला मी वाचायला दिलेले नाही, लिहायला दिले आहे. तरी बजावले, “मजकूर पोटात ठेव.” तो म्हणाला, “सर, मी अक्षर पायतो, मजकूर पायत नाई.” हे बरे आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

देवमन आपल्या प्रत्येक कामाचा फोटो मोबाईलवर स्टेटसला ठेवतो. आज आमच्या मानपत्राचा होता. काय अक्षर! मोत्याचा सर. सोनेरी किनार. ‘कन्यावत्सल’मधला ‘त्स’ तर बघत राहावा असा. मी त्याला अंगठा पाठवला. त्याचे उत्तर आले, “सर, सगळ्याईलेच आवडून राहिलं, चारशेच्या वर लोकाईनं पायलं.” त्याची गिऱ्हाइके अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, सगळीकडे आहेत. एका कलावंताचे चीज झाले.

सोमवारी दुर्गाबाई पहिल्यांदा दारे उघडणार. मंगळवारी दामिनी निघणार. आज झोप चांगली लागेल.

३ नोव्हेंबर, सोमवार

सगळे फिसकटले.

देवरावजींचा फोन आला, आवाज अगदी खाली. सकाळी चिंचोदच्या पारावर दोनशे माणसे जमली. कुठून तरी सगळ्यांना सगळे कळलेले. पाच, तीन, केसेस, दामिनी. लोक ओरडले, पोरीपायी पाणी इकलं. किसनरावांनी हात जोडून सांगितले, “मी कोणाले तीन म्हटलं नाई. पाचच पायजेत, नाई तं आमी दारं तोडू.” हे आसरखेडला कळल्यावर दुर्गाबाईंनी दारे उघडलीच नाहीत. दामिनीची भरलेली पिशवी तिच्या सासऱ्याने परत कपाटात ठेवली.

हे कसे झाले? दवाखान्यात आम्ही पाचच माणसे. मला काही सुचेनासे झाले आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

संशयितांची यादी केली.

दीक्षा: डॉक्टर मुलगी, पण तिची नर्स दोनदा आत आली होती. एकदा कापूस घेऊन. कापूस कशाला?

दुर्गाबाईंचे यजमान: स्वभावाने बडबडे आहेत म्हणे.

एस.टी.त माझ्या शेजारी बसलेला चष्मेवाला: त्याने मला “अकोल्याला काय काम?” असे विचारले होते. मी “दात” म्हणालो. पण ‘दात’ म्हणताना मी गाल धरला नव्हता.

तारा: शक्य नाही.

ताराला यादी दाखवली. तिने वाचली आणि विचारले, “मानपत्र कुठे आहे?” मी म्हटले, देवमनकडे, फ्रेमला. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग भाजी निवडायला गेली. का बघितले कळेना. इथे समेट मोडला आहे आणि हिला मानपत्राची पडली आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

देवरावजींना फोन केला तेव्हा एक धागा मिळाला. चिंचोदची पोरे बस थांब्यावर किसनरावांच्या मागे ओरडतात, “ओ कन्यावत्सल!” देवरावजी हे सांगून थांबले. मीही थांबलो.

म्हणजे बातमी फोडणारा माणूस शिकलेला आहे! असा शब्द गावात कोणी वापरत नाही. मी देवरावजींना तसे सांगितलेसुद्धा. म्हटले, भाषेवर प्रभुत्व असलेला कोणीतरी असणार, बहुधा प्राध्यापक. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “हो. प्रभुत्व तं हाये त्याचं.” आणि फोन ठेवला.

थकले आहेत बिचारे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज जे कळले त्याने मी हादरलो आहे. बातमी देवरावजींनीच फोडली!

ते दोन्ही गावांत जाऊन स्वतः सांगून आले. “माह्या तोंडून निसटलं, अन् तेही खोटंच. किसनराव तीन म्हटलेच नोयते, मीच माह्या मनानं तीन धरून चाललो होतो.” चिंचोदच्या लोकांनी त्यांना पाराच्या पायरीवरून उतरवले. आसरखेडात कोणी पाणी विचारले नाही. पंचाहत्तर वर्षांचा माणूस भर उन्हात दोन्ही गावांतून पायी परत आला.

वाईट वाटले, पण रागही आला. आम्हाला तीन तीन अटी घालायच्या आणि आपण मात्र कुठेतरी बोलून बसायचे? कोणाजवळ बोलले? केव्हा? आणि किसनराव तीन म्हणाले होते, मी माझ्या कानांनी ऐकले आहे, मग हे खोटे कशासाठी? मला ह्यातले काही कळत नाही. त्यांना एक सविस्तर पत्र लिहायला घेतले आहे. भाषा संयमी ठेवली आहे, पण बोचेल.

दामिनीला आठवा लागला असेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

देवमन फ्रेम घेऊन आला. काचेवर बोटाचा ठसासुद्धा नाही. मी आत हात धुवायला गेलो. परत आलो तर ताराने फ्रेम माझ्या खुर्चीसमोर, टेबलावर उभी केलेली.

“वाचा,” म्हणाली. “मोठ्याने.”

मी वाचायला लागलो. आवाज चांगला लागला होता. ‘आपल्याच मध्यस्थीने चिंचोदचे क

नंतर लिहितो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

दुपारभर बसून होतो. ही वही पहिल्यापासून वाचली. सगळे माझ्याच अक्षरात आहे. सत्तावीस तारीख, एकतीस तारीख. मी अंगठा पाठवला होता.

चारशे लोक.

देवरावजींना लिहिलेले पत्र टाकायचे राहिले होते, तेवढी एक गोष्ट बरी झाली. फाडून टाकले. ताराने चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली तरी मी घेतला नाही. मला माझी फार लाज वाटते आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पहिल्या गाडीने अकोल्याला गेलो. देवरावजी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, “कंबर धरन, बसा.”

त्यांना तीन तारखेपासूनच माहीत होते. दीक्षाच्या दवाखान्याची पाटी देवमननेच रंगवलेली. त्याचे स्टेटस तिच्या मोबाईलवर दिसते.

“मग मला सांगितले का नाही?”

“सांगतलं असतं तं तुमी माफीपत्र लिहिलं असतं. अन् तेही देवमनजवळून.”

मी म्हटले, मी आज चिंचोदला जातो, पारावर उभा राहून सांगतो की चूक माझी. तुमच्यावरचा डाग तरी जाईल.

त्यांनी शेंग खाली ठेवली. “अन् काय सांगसान? की मानपत्रात लिहिलं ते खरं होतं? किसनराव खरंच तिनावर आलते? मी मोठ्या मुश्किलीनं खोटा झालो, मोरोपंत. मले खोटा राहू द्या. लोकं विसरून राहिले. तुमी आठोन नका देऊ.”

म्हणजे क्षमाही मागायची नाही. चिंचोदला नाही, किसनरावांना नाही, कोणालाच नाही. तासभर त्यांच्यासोबत शेंगा सोलल्या. मी आयुष्यात इतका वेळ गप्प बसलेलो नाही. निघताना विचारले, आता पुढे काय? म्हणाले, “मले काय मालूम? मी तं बाहेरचा माणूस.”

१ डिसेंबर, सोमवार

काही नाही. फ्रेम कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे मानपत्र लिहायला सांगायला लोक आले होते. नाही म्हटले. त्यांना वाटले मी आजारी आहे.

१४ डिसेंबर, रविवार

आता माझीच दाढ दुखते आहे. खरोखरची. दीक्षाकडे जाऊन आलो.

परतीच्या एस.टी.त मूर्तिजापूरला दोघे चढले. मागच्या बाकावर बसून बोलत होते.

“आसरखेडच्या बंधाऱ्याचं दार बिघडलं म्हणते बाप्पा.”

“अजून?”

“दुरुस्त करतेत, पुन्हा बिघडते. दर आठ-दहा दिवसाईनं. तीन दिवस उघडं राह्यते, मंग बसते. इंजिनेरलेही समजून नाई राह्यलं.”

“चिंचोदवाल्याईचं फावलं मग.”

“फावलं म्हणजे! त्याईचा हरभरा पाय कसा तरारला. अन् आसरखेडची बाई काही बोलतही नाई. सरपंच हाये का काय हाये!”

दोघे हसले. एकाने मला विचारले, “सर, दात काढला का?” मी मान हलवली. तोंडात कापूस होता. नसता तरी मान हलवली असती, असे वाटते.

दर दहा दिवसांनी, तीन दिवस. बडनेऱ्यापर्यंत मी बोटांवर मोजत बसलो होतो. घरी येऊन ताराला सांगायला तोंड उघडले, आणि तसेच मिटले. ती म्हणाली, “फार दुखतं आहे का?” मी हो म्हटले.

२८ डिसेंबर, रविवार

दुपारी देवरावजी आले, न कळवता. हातात स्टीलचा डबा. त्यांना मधुमेह आहे, गोड घरात आणत नाहीत. डब्यात बर्फी होती, घरी थापलेली, वड्या वेड्यावाकड्या.

“कशाची?” मी विचारले.

“खोबऱ्याची.”

“तसे नाही. कशाबद्दल?”

“खा म्हटलं तं खा ना, मोरोपंत.”

तारा पाणी घेऊन आली. तिने डब्यात पाहिले. पेढे नव्हते, बर्फी होती. तिने देवरावजींना एवढेच विचारले, “दोघी बऱ्या आहेत?”

“हो,” देवरावजी म्हणाले.

“कुठे आहेत?”

“जिथं असाले पायजे तिथं.”

मग ते तुरीच्या भावाबद्दल बोलले, चहा बिनसाखरेचा घेतला, आणि साडेचारच्या गाडीने गेले. जाताना डबा मागे ठेवून म्हणाले, रिकामा झाला की दीक्षाकडे द्या, तिथून तो जाईल ज्याचा आहे त्याच्याकडे.

मला कळले. सगळे कळले. ते मी इथे लिहिणार नाही.

बर्फी दोन वड्या खाल्ल्या. चांगली होती.